एका पैची चूक

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी पेठेत वहीपूजन होते. नवी चोपडी पाटावर येते, तिच्या पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक काढले जाते, वर ‘श्री’ उमटते आणि मग साऱ्या वर्षाचा जमाखर्च त्या ‘श्री’च्या साक्षीने चालू होतो. आमच्या पाचोडच्या बाजारात मोसंबीची आणि कापसाची उलाढाल. तेव्हा हा सोहळाही येथे मनोभावे होतो. अलीकडे चोपडीच्या शेजारी संगणकही पाटावर येऊन बसू लागला आहे. त्यालाही हळदकुंकू, त्यालाही अक्षता. कोणी ह्याला हसतात. मला मात्र त्यात हसण्यासारखे काही वाटत नाही. ज्यात हिशेब राहतो त्याला आपण नमस्कार करतो, कारण हिशेबाबरोबर एक वचनही त्यात राहते : जे घडले तेच लिहीन. चोपडी बदलली म्हणून वचन बदलण्याचे कारण नाही.

परंतु हे वचन यंत्र पाळते की नाही, हे कोणी पाहायचे? गेली पाऊणशे वर्षे काही थोडी माणसे ह्याच प्रश्नाच्या मागे लागलेली आहेत. त्यांत गणिती आहेत, अर्थशास्त्रज्ञ आहेत, कायद्याचे अभ्यासक आहेत. माहितीची यंत्रे माणसाचे काय करतात, कोणाला हात देतात आणि कोणाला हात दाखवतात, एवढेच त्यांना शोधायचे असते. ह्या मंडळींच्या इतिहासात मराठी माणसांचा आणि महाराष्ट्रातल्या गावांचा वाटा चांगलाच ठसठशीत आहे. तो एकत्र सांगितलेला फारसा आढळत नाही, म्हणून हा खटाटोप.

आमचा तालुका पैठणचा. नाथांची एक गोष्ट येथल्या प्रत्येक घरी लहानपणीच कानावर पडते. देवगिरीस जनार्दनस्वामींकडे असताना नाथांकडे हिशेबाचे काम होते. एकदा ताळा जुळेना. एका पैची चूक राहिली. नाथ रात्रभर दिव्याशी बसले, आणि पहाटे चूक सापडली तेव्हा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, एका पैची चूक सापडली तर एवढा आनंद. मग संसाराची चूक उमगली तर केवढा होईल! कीर्तनकार ह्या गोष्टीचा परमार्थ सांगतात. मला तिच्यातला प्रपंचही तेवढाच मोलाचा वाटतो. एका पैसाठी रात्र जागणारा माणूस वहीपाशी होता, ही काही लहान गोष्ट नव्हे. १९५७ साली दशमान नाणी आली आणि पै व्यवहारातून गेली. तिच्या मागोमाग ती रात्र जागणारा माणूसही गेला काय, हा आजचा प्रश्न आहे.

मराठवाड्याला नोंदीची ताकद कोणी वेगळी शिकवायला नको. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. घरात मराठी, शेतात मराठी, देवळात मराठी; दप्तर मात्र उर्दूत. ज्याच्या जमिनीची नोंद, त्याला ती वाचता येत नसे. आणि ज्याला वाचता येई, त्याच्या दारात जाऊन उभे राहावे लागे. पुढे १९५४-५५ चे खासरा पाहणीपत्रक आले, १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, सात-बारा मराठीत आला. तरी जुनी दप्तरे कपाटांत पडून होतीच. २०२३ च्या सप्टेंबरात शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे ह्यांची समिती नेमली, आणि कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी मराठवाड्यातली ही निजामकालीन कपाटे उघडली गेली. उर्दू आणि मोडी जाणणाऱ्यांना एकाएकी मान आला. कागदांची छायाचित्रे निघून ती संगणकावर चढली. आरक्षणाच्या वादात मला येथे शिरायचे नाही. मी फक्त एवढेच दाखवतो की, जो कारकून तेव्हा बोरू कागदावर टेकवीत होता, त्याला आपल्या एका शब्दावर तीनचार पिढ्यांनंतरच्या मुलांचे प्रवेश आणि नोकऱ्या अवलंबून राहतील, ह्याची कल्पनाही नव्हती. नोंद ज्या कामासाठी होते त्या कामापेक्षा ती अधिक जगते. आणि ती ज्याला वाचता येते तो, ज्याच्याविषयी ती आहे त्याच्यापेक्षा बलवान होतो. माहितीशास्त्राच्या नीतीचे हे दोन मूळ सिद्धांत आहेत. आम्ही ते पुस्तकात वाचण्यापूर्वी भोगून झालो होतो.

आता यंत्रांकडे वळू. गणकयंत्र ही वस्तू जगात नवी होती तेव्हाच, १९४८-४९ साली, एक मराठी गणिती ती समजून घेण्यासाठी युनेस्कोची शिष्यवृत्ती घेऊन इंग्लंड-अमेरिकेस गेला होता. ते म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. गोव्यात जन्मलेले, हार्वर्डला शिकलेले, पुण्यात राहून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करणारे हे गृहस्थ आपल्याला इतिहासकार म्हणून अधिक परिचित आहेत. अमेरिकेतल्या विद्यार्थिदशेपासून त्यांचा नॉर्बर्ट वीनर ह्या गणित्याशी स्नेह होता. हे वीनर म्हणजेच आपल्या विषयाचे आद्यपुरुष.

दुसऱ्या महायुद्धात वीनरनी विमानवेधी तोफांच्या नेमाचे गणित मांडले होते. युद्ध संपले आणि त्यांच्या मनाने उचल खाल्ली. आपले संशोधन क्षेपणास्त्रे बनवणाऱ्यांच्या हाती देणार नाही, असे त्यांनी १९४७ साली जाहीरपणे छापून टाकले. १९४९ साली त्यांनी अमेरिकेतल्या मोटार कामगारांचे पुढारी वॉल्टर रूथर ह्यांना पत्र लिहिले : स्वयंचलित यंत्रे येत आहेत, तुमच्या माणसांच्या कामावर गदा येईल, आताच सावध व्हा. पुढच्याच वर्षी, १९५० साली, माणसाचा माणसासारखा उपयोग कसा व्हावा ह्यावर त्यांनी सामान्य वाचकासाठी पुस्तक लिहिले. यंत्र घडवणाऱ्यानेच यंत्राबद्दल इशारा द्यावा, ही परंपरा येथून सुरू झाली. १९५५-५६ साली हे वीनर कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत येऊन काही महिने राहूनही गेले.

त्याच काळात मुंबईला कुलाब्यात आर. नरसिंहन ह्यांच्या नेतृत्वाखाली तरुण मंडळी स्वदेशी गणकयंत्र जुळवीत होती. ते १९६० साली कामाला लागले आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. प्रयोगशाळेतल्या ह्या पाहुण्याचे सर्वांनी कौतुकच केले. पण गणकयंत्र कचेरीच्या दारात येऊन उभे राहिले तेव्हा कौतुकाची जागा भीतीने घेतली. १९६० नंतरच्या दशकात आयुर्विमा महामंडळाने यंत्रे आणण्याचे ठरवताच कर्मचारी संघटना खवळून उठल्या. कलकत्त्याच्या कर्मचाऱ्यांनी तर यंत्र कचेरीत येऊ नये म्हणून दीर्घकाळ झुंज दिली.

अशा वेळी केंद्र सरकारने ह्या यंत्रीकरणाचा विचार करण्यासाठी जी समिती बसवली, तिचे १९७२ सालच्या अहवालावरचे अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर. ही निवड मला मोठी अर्थपूर्ण वाटते. एक वर्ष आधी, १९७१ साली, ह्याच दांडेकरांनी नीलकंठ रथांबरोबर भारतातील दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. दिवसाला २,२५० उष्मांक पोटात जावेत एवढे अन्न ज्याला परवडत नाही असा माणूस देशात किती, ह्याचा हिशेब त्यांनी मांडला होता. म्हणजे उपाशी माणूस मोजणाऱ्याच्याच हाती गणकयंत्राचा प्रश्न आला. रिकाम्या हातांच्या देशात कोणते काम यंत्राला द्यावे, कोणते माणसाकडे ठेवावे आणि हे ठरवायचे कोणी, हा प्रश्न त्यामुळे केवळ तांत्रिक राहिला नाही. तो पोटाचा झाला, आणि तसाच तो होता.

पुढचा इतिहास सर्वांच्या डोळ्यांपुढचा आहे. १९८३ साली बँका आणि कर्मचारी संघटना ह्यांच्यात यंत्रांविषयी करार झाला, १९८४ साली रंगराजन समितीने मार्ग आखला आणि बँकांत संगणक आले. ज्यांनी यंत्राला विरोध केला त्यांचीच पुढची पिढी हिंजवडीला संगणकापुढे बसून पोट भरू लागली. म्हणून जुन्या विरोधकांना वेडे ठरवण्याची आज चाल पडली आहे. ती मला मान्य नाही. त्यांचे उत्तर चुकले असेल. प्रश्न चुकला नव्हता. यंत्र आल्याने ज्याचे काम जाते तो आणि ज्याला नवे काम मिळते तो, ही दोन निराळी माणसे असतात. एकूण बेरीज वाढली म्हणून पहिल्याची वजाबाकी पुसली जात नाही.

शहरातून हे वारे खेड्यात आले ते वारणेच्या खोऱ्यात. १९९८ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगर परिसरात सत्तर गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. शेतकऱ्याने चावडीवर यावे, बाजारभाव पाहावा, शेतीचा सल्ला घ्यावा, जगाची खिडकी उघडावी, अशी योजना. देशभरात तिचा गाजावाजा झाला. काही वर्षांनी राजेश वीरराघवन, नाग यशोधर आणि केंटारो तोयामा हे बंगळूरचे संशोधक तेथे गेले आणि त्यांनी साधी गोष्ट केली : संगणकापाशी बसून राहिले. शेतकरी प्रत्यक्षात विचारतो काय, हे पाहिले. तो आपल्या उसाचे वजन, आपला हिशेब, खताची उचल एवढेच विचारीत होता. जगाची खिडकी बहुतेक बंदच होती. मग ह्या मंडळींनी २००७ च्या सुमारास सात गावांत संगणक बाजूला ठेवून साध्या भ्रमणध्वनीवरून, चार अक्षरांच्या संदेशाने, तीच माहिती देऊन पाहिली. काम भागले, खर्च कमी झाला, आणि शेतकऱ्याला केंद्रापर्यंत हेलपाटा घालण्याचे कारण उरले नाही. तोयामांनी पुढे ह्या अनुभवांतून काढलेला निष्कर्ष असा की, यंत्र नवे गुण निर्माण करीत नाही. समाजात जे असेल ते मोठे करते. चांगली सहकारी संस्था असेल तर ती अधिक चांगली चालते, आणि जेथे लबाडी असेल तेथे लबाडीला पाय फुटतात.

शेजारच्या कर्नाटकात ह्याचा पडताळा आला. तेथे २००० च्या आसपास ‘भूमी’ योजनेत जमिनीचे कागद संगणकावर आले. उतारा झटपट मिळू लागला, हे खरेच. पण सॉलोमन बेंजामिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवून दिले की, बंगळूरभोवतीच्या जमिनींवर डोळा असणाऱ्या बड्या खरेदीदारांचे काम त्याने अधिकच सोपे झाले. उतारा सर्वांना सारखाच खुला होता. त्याचा उपयोग करण्याची ताकद मात्र सारखी नव्हती. आपल्याकडेही १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सात-बारा मिळतो. त्याने तलाठ्याच्या दारातले हेलपाटे वाचले, ह्याबद्दल कृतज्ञच असावे. फक्त बांधावरच्या भांडणात जो दुबळा तो संगणकातही दुबळाच राहतो, हेही ध्यानात असावे.

आता सर्वांत मोठ्या वहीकडे येऊ. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली ह्या आदिवासी खेड्यात देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले. ज्याला कोणताच कागद नाही त्याला एक ओळख मिळावी, असा हेतू. तो वाईट म्हणता येणार नाही. २०१७-१८ च्या सुमारास आमच्याकडे रेशनच्या दुकानांत अंगठ्याची यंत्रे आली. खोटी नावे, मेलेल्यांची नावे, दुकानदाराची लबाडी ह्यांना आळा बसावा, हाही हेतू रास्तच.

पण बोट म्हणजे काही शिक्का नव्हे. कापूस वेचणारी, ऊस तोडणारी, भांडी घासणारी बोटे झिजतात. म्हातारपणी रेषा पुसट होतात. आमच्या भागात अशी एखादी आजी यंत्रापुढे उभी राहते, बोट पदराला पुसते, पुन्हा ठेवते, मग दुसरे ठेवते. दुकानदार तिला ‘आजी’ म्हणून हाक मारतो, तिची सून कोण, नातू कोठे असतो, सारे जाणतो. यंत्र मात्र तिला ओळखत नाही. त्या दुकानात त्या घटकेला दोन साक्षी असतात आणि त्या एकमेकींच्या उलट असतात. अशा वेळी खरी कोणाची धरायची, हा आपल्या काळातला नीतीचा सर्वांत अवघड प्रश्न आहे, असे मी म्हटले तर अतिशयोक्ती वाटू नये.

ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आणि त्यांचे सहकारी झारखंडच्या खेड्यांत हाच प्रश्न घेऊन घरोघर हिंडले आणि त्यांनी २०१७ साली आपले निष्कर्ष मांडले. ताप वाढला आणि फायदा दिसला नाही, असा त्यांचा सूर होता. कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर ह्यांची कामगिरी तर दोन्ही बाजूंनी बोलकी आहे. त्यांनी आधी एकसंध आंध्र प्रदेशात १५७ मंडळांत अंगठ्याच्या कार्डाचा अभ्यास केला, तेव्हा रोजगार हमीची मजुरी लवकर मिळू लागली आणि गळती घटली असे आढळले. तेच संशोधक पुढे झारखंडच्या रेशनकडे वळले, तेव्हा गळती तर विशेष थांबली नाही, उलट काही खऱ्या हक्कदारांच्या हातचे धान्य गेले, असे २०२० साली त्यांनीच लिहिले. एकच प्रकारचे यंत्र आणि दोन निकाल! आंध्रात कार्ड नसलेल्या माणसाला जुन्या रीतीने पैसे मिळण्याची वाट उघडी ठेवली होती, हे येथे विसरता कामा नये. यंत्राच्या शेजारी एक दार उघडे होते. त्या दारातच सारी नीती आली.

हिशेबात चूक दोन तऱ्हेची होते. खोटा माणूस आत येतो ही एक, आणि खरा माणूस बाहेर राहतो ही दुसरी. पहिली चूक सरकारला दिसते, कारण तिच्यात खजिन्याचा पैसा जातो. दुसरी कोणालाच दिसत नाही, कारण तिच्यात फक्त एक माणूस मुकाट्याने घरी परत जातो. उलट, वहीत ती बचत म्हणून जमा होते! यंत्रे पहिल्या चुकीच्या मागे लावलेली आहेत. दुसरी चूक शोधायला अजून माणूसच लागतो. संशोधक म्हणजे ती पै शोधत बसलेला माणूस.

अशा शोधाचे पडसाद न्यायालयातही उमटले. आधारविरुद्ध २०१२ साली अर्ज केला तो निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी ह्यांनी. उषा रामनाथन ह्यांच्यासारख्या कायद्याच्या अभ्यासिका ह्या प्रश्नावर वर्षानुवर्षे लिहीत आणि बोलत होत्या. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने सांगितले की, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्या नऊजणांत धनंजय चंद्रचूड, शरद बोबडे आणि अभय सप्रे होते. २६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी आधार वैध ठरवला, मात्र खासगी कंपन्यांनी तो मागण्यावर बंधन घातले. चंद्रचूडांनी भिन्न मत नोंदवले. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही केला. कायदा झाला म्हणजे सारे झाले असे नाही. परंतु ‘माझ्याविषयीची माहिती माझी आहे’ हे वाक्य आता कोणी वेड्यात काढीत नाही, एवढी मजल निश्चित गाठली गेली.

‘माझी आहे’ म्हणजे काय, हे पाहण्यासाठी मला पाचोडच्या बाहेर जावे लागत नाही. आमच्या गावात आरोग्य व्यवस्थापनाची एक संस्था कित्येक वर्षे काम करीत आहे. किशोरवयीन मुलींना जीवनकौशल्ये शिकवली तर त्यांची लग्ने पुढे ढकलली जातात, हे ह्याच भागातल्या संशोधनाने जगाला दाखवून दिले. अशा कामात घराघरांतली नाजूक माहिती गोळा होते : वय, बाळंतपण, आजार. पण ह्या शास्त्राचा दंडकच असा आहे की, विचारणारीने आधी उंबऱ्याशी थांबावे, मी कोण, हे का विचारते, ह्याचे पुढे काय होईल हे सांगावे, आणि ‘नाही’ हे उत्तर मिळाले तर राग न धरता उठून जावे. आता आपल्या हातातल्या फोनकडे पाहा. तोही संमती मागतो. पानेच्या पाने मजकूर, खाली ‘मान्य आहे’ असे एक बटण, आणि अमान्य केले तर दारच बंद. उंबऱ्यावरची संमती आणि बटणावरची संमती ह्यांना एकच शब्द वापरावा काय, हे सूज्ञ वाचकांनीच ठरवावे. आणि आता तर यंत्र नुसती नोंद ठेवून थांबत नाही. कर्ज कोणाला द्यावे, नोकरीस कोणाला बोलवावे, ह्यांतही ते मत देऊ लागले आहे. जुना कारकून निदान आपले अक्षर ओळखीत असे.

मी यंत्राचा वैरी नाही. मजुरीचे पैसे थेट खात्यात येतात तेव्हा मधला हात सुटतो, आणि मधल्या हाताने मराठवाड्याला किती नाडले हे आम्ही जाणतो. मागणे एवढेच आहे की, ज्या दुकानात, बँकेत, कचेरीत यंत्र ठेवले असेल, तेथे ‘यंत्राने नाही म्हटले’ हे शेवटचे उत्तर नसावे. ते पहिले उत्तर असावे. त्यानंतर माणसाने बोलावे.

हे काम फक्त विद्वानांचे आहे असेही नाही. तुमच्या आळीतला कोणी यंत्रापासून रिकाम्या हाताने परतला, तर त्याला का म्हणून विचारा. तारीख लिहून ठेवा. दुसऱ्या वेळी तसेच झाले तर तीही लिहा. मोठमोठ्या संशोधनांची सुरुवात अशाच एका कागदापासून झालेली आहे. नव्या वर्षाच्या चोपडीत जमा आणि नावे ह्यांच्या जोडीला, ज्यांना त्यांचे मिळाले नाही त्यांच्यासाठीही एक पान असू द्या.